एकशे बारा नंबरचं पत्र

दामोदर गेल्याचा निरोप आणि त्याची तार पोचली नसल्याची चिठ्ठी, दोन्ही माझ्या टेबलावर एकाच दुपारी आले. निरोप धंतोलीतल्या दवाखान्यातून फोनवर आला. चिठ्ठी चंद्रपूरच्या तार ऑफिसातून आली होती आणि तिच्यावर नेहमीचंच वाक्य होतं, की ज्यांच्या नावे तार आहे त्या ही जागा सोडून गेल्या आहेत. तार दामोदरनं आपल्या एकुलत्या एका मुलीला, शैलाला केली होती. आपण जाण्याआधी ती यावी, एवढीच त्याची इच्छा उरली होती. ती आली नाही. का आली नाही हे शैलाला आजही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण ती तार माझ्या हातानं गेली होती... त्याला आता पाच आठवडे होतील.

गेलेला माणूस चांगलाच होता असं लिहायची आपल्याकडे रीत आहे. वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी लिहा म्हणून सांगायला आलेल्या तरुणानंही मला ‘दोन-चार हृद्य आठवणी’ मागितल्या. दामोदरबद्दल हृद्य असं माझ्याजवळ फारसं नाही. तो हेकट होता, कोरडा होता, आणि आपला कोरडेपणा हाच मोठा सद्गुण आहे अशी त्याची पक्की समजूत होती. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसला तो माणूस. त्याच्यासोबत मी वीस-बावीस वर्षं एका हॉलमध्ये काम केलं, एका डब्यात जेवलो, आणि त्यातली अर्धी वर्षं त्याचा मनापासून द्वेष केला. हे त्याला माहीत होतं की नव्हतं, ते मला कधी कळलं नाही.

साठनंतरच्या वर्षांत मी नागपूरच्या तार ऑफिसात लागलो, तेव्हा तो माझ्याहून सात-आठ वर्षं जुना होता. नागपूर देशाच्या मधोमध आहे याचा आम्हा नव्या लोकांना कोण अभिमान. मुंबईची तार कलकत्त्याला जायची ती आमच्या हॉलमधून, दिल्लीची मद्रासला जायची तीही आमच्याच. दामोदर हा अभिमान पहिल्याच दिवशी उतरवून ठेवायचा. “मधात असणं म्हणजे मोठं असणं नाही गा,” तो सांगायचा. “मधातल्याचं काम एकच. इकडून घ्यायचं, तिकडं द्यायचं. पत्ता वाचायचा, मजकूर नाही.” काम खरंच तेवढंच होतं. यंत्रातून भोकं पाडलेली कागदाची पट्टी सरसर बाहेर यायची, तिच्या काठाशी अक्षरं छापलेली असायची. पट्टी फाडायची, कुठल्या गावची आहे ते बघायचं आणि त्या गावाच्या खुंटीला लटकवायची. त्या गावची लाइन मोकळी झाली की खुंटीवरची पट्टी काढून दुसऱ्या यंत्रात घालायची. प्रत्येक लाइनवरून येणाऱ्या तारांना ओळीनं नंबर असायचे आणि आपण समोरच्या तक्त्यावर तो नंबर खोडायचा. एकोणचाळीसनंतर एकदम एक्केचाळीस आला, तर चाळीस कुठं गेला हे पलीकडच्याला विचारायचं. हे विचारण्यात दामोदरचा हात धरणारा कोणी नव्हता. विणकराचं पोरगं ते. माग चालता चालता धागा तुटला की आधी कुठं तुटला ते शोध, मग तोंड उघड, असं त्याला बापानं शिकवलेलं.

मजकूर वाचायचा नाही हा नियम त्यानं एकदा मोडला होता, मी लागण्याच्या आधी. भाऊ वारल्याची तार इतवारीतल्या कुणाच्या तरी नावानं आली. तेच नाव, तेच आडनाव आमच्या चौकीदाराचं. दामोदरला दया आली आणि त्यानं दारात जाऊन चौकीदाराला तोंडी सांगितलं. चौकीदारानं डोकं भादरलं, रडत रडत गाव गाठलं, तर भाऊ अंगणात बिडी ओढत बसलेला. ऑफिस महिनाभर हसलं आणि दामोदरला मेमो मिळाला. तेव्हापासून त्यानं तोंडानं कुणाचीच तार सांगितली नाही. हे मी त्याच्या बाजूनं सांगतो आहे. याहून जास्त त्याच्या बाजूचं माझ्याजवळ नाही.

माझी आई गेली तेव्हा मी कोराडीला राहत होतो. माझी बायको कुसुम तिथल्या वसाहतीतल्या शाळेत शिकवायची, क्वार्टर तिच्या नावाचं होतं, आणि मी रोज बसनं नागपूरला ये-जा करायचो. आई गोंदियाला धाकट्या बहिणीकडे होती. एका सोमवारी सकाळी सव्वाअकराला बहिणीची तार नागपुरात आली. ‘आई गंभीर ताबडतोब ये.’ पत्ता कोराडीच्या क्वार्टरचा, कारण बहिणीजवळ माझा तोच पत्ता होता. पट्टी दामोदरच्या यंत्रातून निघाली. त्यानं ती फाडली आणि कोराडीच्या खुंटीला लटकवली. कोराडीची लाइन सकाळपासून बंद होती आणि खुंटीवर तशी चिठ्ठी त्यानंच लावलेली होती. मी त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर, चार नंबरच्या टेबलावर बसलो होतो. एक वाजता आम्ही सोबत जेवलो. कुसुमनं वांग्याची भाजी दिली होती, ती त्याला आवडायची, त्यानं दोनदा घेतली. पाच वाजता मी त्याला “येतो गा” म्हटलं आणि बस पकडली. लाइन बंद म्हणून तार मला दुसऱ्या दिवशी साडेनऊला, बसला निघताना, टपालाच्या थैलीतून मिळाली. आई पहाटेच गेली होती. गोंदिया नागपूरपासून तीन तासांवर आहे.

तेरावं आटोपून मी कामावर आलो, ती तार खिशात घेऊनच. तिच्यावर नागपुरात आल्याची वेळ होती आणि खाली त्याची सही. त्याच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहिलो.

“दामोदर, आईची तार तू पाहिली होती?”

“हाव.”

“नाव वाचलं होतं माझं?”

“वाचल्याबिगर खुंटीले कशी लावणार गा? नाव वाचलं. मजकूरही दिसला.”

“मग मले सांगितलं काहून नाही?”

त्यानं हातातली पट्टी आधी खुंटीला लावली, तक्त्यावरचा नंबर खोडला आणि मग माझ्याकडे पाहिलं. “तारेवर पत्ता कोराडीचा होता, वसंता. चार नंबरच्या टेबलाचा नव्हता.”

त्याच्या आवाजात लाज नव्हती आणि मस्तीही नव्हती. वेळ विचारली आणि त्यानं ती सांगितली, इतकं साधं. निदान ‘दिसलं नाही’ असं खोटं तरी बोलला असता, तर मी ते आनंदानं खरं मानलं असतं. दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. पट्ट्या मात्र एकमेकांना देत-घेत राहिलो, त्या थांबवता येत नाहीत. पुढे हळूहळू बोलणंही सुरू झालं, डबाही सुरू झाला. मी त्याला माफ केलं असं लोकांना वाटलं, त्यालाही बहुधा वाटलं असेल. खरं म्हणजे रोज समोर बसणाऱ्या माणसाशी अबोला धरायला फार जोर लागतो आणि तो जोर मला पुरला नाही. चार नंबरच्या टेबलाचं ते वाक्य मात्र मी जपून ठेवलं होतं.

त्याची बायको लवकर गेली होती. शैलाला त्यानंच वाढवलं, वेणीसुद्धा स्वतः घालायचा. ती लग्न होऊन चंद्रपूरला गेली, नवरा वीज केंद्राच्या उभारणीच्या कामावर होता. बाप-लेकीनं पत्रांना नंबर घालायची पद्धत पाडली. तिच्या प्रत्येक पत्रावर कोपऱ्यात नंबर असायचा, आणि तांडापेठेतल्या त्याच्या दोन खोल्यांत, दाराच्या मागच्या बाजूला, त्यानं चौकटी आखलेला एक तक्ता चिकटवला होता. पत्र आलं की त्या नंबरवर बरोबरची खूण. मधला नंबर राहिला की हा लगेच कार्ड टाकायचा, सदुसष्ट मिळालं नाही, पुन्हा पाठव. शैलाला तेच पत्र आठवून आठवून परत लिहावं लागे. ती माझ्यासमोर एकदा त्याला म्हणाली होती, “बाबा, त्यात काहीच नव्हतं, लोणचं घातल्याचं लिहिलं होतं.” तर हा म्हणाला, “काय होतं ते मी नाही विचारून राहिलो. पोचलं का नाही, एवढंच.” कोरड्या माणसाची माया अशी असते. मला तेव्हाही तिचा हेवा वाटायचा, कारण माझ्या आईची तार त्यानं इतक्या काळजीनं सांभाळली नव्हती.

निवृत्त झाल्यावर तो घरी बसेल असं वाटलं होतं. त्याऐवजी त्यानं बर्डीवरच्या एका कॉम्प्युटर क्लासात नाव घातलं. चपला बाहेर काढून आत जायचं, थंड हवेचं यंत्र सुरू असायचं, आणि आत तीन कॉम्प्युटर देवासारखे कपड्यानं झाकून ठेवलेले. नातवाच्या वयाच्या पोरांशेजारी बसून तो शिकला आणि वर्षभरात तिथंच शिकवायला लागला. कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात, हे ऐकून बाकी लोक थक्क व्हायचे. याला त्यात नवल वाटलं नाही. तो मला म्हणाला, “अबे, हे तर आपलंच काम आहे. आपण हातानं करून राहिलो होतो, ते यंत्र करून राहिलं.” एकदा त्यानं मला मुद्दाम वर्गात बोलावलं. मी शेवटच्या बाकावर बसलो.

शिकवायचा छान, हे कबूल करायला हवं. मी तार खात्यात आयुष्य काढलं, पण आपण काय करत होतो ते मला त्या दिवशी नीट कळलं. तो म्हणाला, दोन कॉम्प्युटर एका वायरनं जोडले की झालं नेटवर्क, पण हजार जोडायचे तर प्रत्येकातून प्रत्येकाकडे वायर टाकता येत नाही, मधात खुंट्या लागतात. मोठा निरोप अख्खा पाठवायचा नाही, वाट अडून राहते. त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहायचा आणि नंबर घालायचा. मग एक तुकडा रायपूरवरून जाईल, एक भुसावळवरून, वाट बंद असेल तर तिसरीकडून. उलटसुलट पोचले तरी नंबर बघून पलीकडचा ते जुळवून घेईल. अमेरिकेत म्हणे विद्यापीठांचे कॉम्प्युटर असे जोडलेत की त्यांना मुख्य असं ठाणंच नाही, एक गाव बंद पडलं तर निरोप दुसऱ्या गावावरून जातो, आणि आपल्याकडे सरकार आता जिल्ह्याजिल्ह्याच्या कचेऱ्या जोडायला निघालं आहे. “हे एक दिवस सगळ्या जगाचं होणार,” तो म्हणाला, आणि पोट्टे हसले.

मग त्यानं खेळ मांडला. मुलांना गावांची नावं दिली, एक नागपूर, एक रायपूर, एक भुसावळ. कागदाच्या चार पट्ट्या काढल्या आणि प्रत्येकीवर एकेक शब्द आणि त्याचा नंबर लिहिला. पट्ट्या बाकांवरून फिरत फिरत कोपऱ्यातल्या एका मुलीकडे पोचल्या. एक पट्टी रायपूर झालेल्या मुलानं मुद्दाम दाबून ठेवली होती. मुलीनं नंबर लावून मोठ्यानं वाचलं, “गंभीर ताबडतोब ये.” पहिला शब्द नव्हता. मला आधी कळलंच नाही. मग रायपूरवाला पट्टी हलवत म्हणाला, “सर, आई हरवली,” आणि सगळा वर्ग खो खो हसला. दामोदरही हसला. “हरवली तर रडत नाही बसायचं,” तो म्हणाला. “नंबर सांगून पुन्हा मागायची.”

उठून जावं, त्याच्या थोबाडीत मारावी, असं सगळं मनात आलं आणि मी बसून राहिलो. तो पुढे शिकवत होता की पलीकडून पोच यायला पाहिजे. पोच नाही आली तर पुन्हा पाठवायचं, असं तीनदा. तिसऱ्यांदाही पोच नाही आली तर समजायचं, पलीकडे कोणी नाही. त्याच मुलीनं विचारलं, “सर, पलीकडे कोणी असूनही पोच नाही आली तर?” दामोदर म्हणाला, “तर पाठवणाऱ्याले ते कधीच समजत नाही, बेटा. त्याच्यासाठी दोन्ही सारखंच.” मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

खाली आल्यावर मी विचारलं, “दुसरं वाक्य नव्हतं तुझ्याजवळ?”

त्यानं खरंच विचार केला. “चारच शब्द, अन् अर्थ पुरा,” तो म्हणाला. “यापेक्षा बरं वाक्य मले सापडलं नाही गा.” मला चहा पाजायला नेलं आणि वर्ग कसा वाटला ते विचारलं. मी छान म्हणालो.

यंदा त्याच्या पोटात दुखायला लागलं आणि धंतोलीच्या डॉक्टरांनी उघडून बघितलं आणि परत शिवून टाकलं. घरी कोणी करणारं नव्हतं म्हणून दवाखान्यातच ठेवलं. मी तेव्हा बेसा भागात राहायला आलो होतो आणि ऑफिस सुटल्यावर रोज त्याच्याकडे जायचो. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा. त्याच्या घराची किल्ली माझ्याकडे होती आणि त्याचं टपाल मीच आणायचो. एक दिवस शैलाचं पत्र आलं, कोपऱ्यात एकशे बारा. त्याचे डोळे तेव्हा काम देत नव्हते म्हणून मी वाचून दाखवलं. नवऱ्याची बदली एकाएकी कोरब्याला झाली, आम्ही सामान हलवलं, नवा पत्ता खाली देते आहे, बाबा, तुमचं पोट कसं आहे. आपल्याला काय झालं आहे ते त्यानं तिला कळवलंच नव्हतं. तो म्हणाला, “पत्ता पुन्हा वाच.” मी वाचला. “तुझ्यापाशी ठेव. अन् घरी जाशील तर एकशे बाराले खूण कर.” मी हो म्हटलं आणि विसरलो.

नंतरच्या आठवड्यात ताप चढला आणि आपण आता जगत नाही हे त्याला समजलं. त्यानं मला तारेचा कागद आणायला लावला. लिहायला मी बसलो तर म्हणाला, “मले दे.” जन्मभर दुसऱ्यांच्या तारा पाठवल्या, स्वतःची ही पहिलीच. कागद पाटीवर ठेवून, एकेक अक्षर सुटं सुटं काढून त्यानं लिहिलं, ‘बाबा गंभीर ताबडतोब ये.’ मग पत्ता लिहिला. चंद्रपूर, क्वार्टर नंबर सतरा. मी बघत होतो. तापात त्याच्या हाताला जुनी सवय आठवली होती, कोरबा डोक्यातून पार पुसला गेला होता. कोरब्याच्या पत्त्याचं पाकीट माझ्या बॅगेत होतं आणि बॅग माझ्या मांडीवर होती.

त्यानं कागद माझ्या हातात दिला. “पत्ता बरोबर आहे ना गा?”

इतक्या वर्षांत त्यानं मला कधी काही तपासायला दिलं नव्हतं. मी कागद बघितला आणि म्हणालो, “तू लिहिला तसाच आहे.” तो समाधानानं आडवा झाला.

दवाखान्यापासून ऑफिसपर्यंत मी पायी गेलो. वाटेत विचार करायला भरपूर वेळ होता आणि मी तो केला, त्यामुळे विसरलो किंवा घाईत झालं असं मला म्हणता येत नाही. ऑफिसात ड्यूटीवरच्या पोराला उठवून मीच यंत्रावर बसलो. चंद्रपूर लिहिलं, सतरा लिहिलं. मधातल्यानं पत्ता बदलायचा नसतो. माझ्या मनात त्या वेळी दुःख नव्हतं, भीतीही नव्हती. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पोटात थंड वाटलं, आणि ते मला आवडलं. हे लिहायला मला आज लाज वाटते, पण तेव्हा आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो दाराकडेच बघत होता. “पोच आली?” नाही आली, मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. चंद्रपूरची गाडी किती वाजता निघते, बस किती वाजता पोचते, याचा तो बोटांवर हिशेब करत राहिला. दवाखान्यात कोणी चप्पल वाजवत आलं की मान उचलायचा. संध्याकाळी म्हणाला, “पुन्हा पाठव.” मी पुन्हा पाठवली, त्याच पत्त्यावर. तिसऱ्या दिवशी नर्सनं त्याला बसवून पाणी पाजलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, याला कळलं. त्याला कळलं असतं तर बरं झालं असतं, निदान मी पकडला तरी गेलो असतो. पण तो वेगळंच बोलला.

“तिसरी राहू दे, वसंता.”

“काहून?”

“नाही येत ती.” मग म्हणाला, “पोरीले मी जास्तच नंबर घालायले लावले.”

मी तेव्हा तोंड उघडू शकत होतो. पाकीट बॅगेतच होतं. कोरब्याला तार गेली असती तर ती दुसऱ्या दिवशी पोचली असती, आणि तो अजून दोन दिवस जगला. मी त्याच्या पायांवर पांघरूण ओढलं आणि घरी गेलो. आपल्या मुलीनं दोनदा बोलावूनही पाठ फिरवली, असं समजून तो मेला. माझी आई निदान आपला मुलगा कुठं तरी अडकला असेल असं समजून गेली असेल, एवढंच तिच्या वाट्याला बरं आलं.

तिसरी तार मी तो गेल्यावर कोरब्याला केली. शैला दुसऱ्या दिवशी दुपारी आली, तोवर सगळं उरकलं होतं. ती रडली नाही फारशी. घरात आली, पिशवी ठेवली आणि दार लावून त्याच्या मागचा तक्ता बघायला लागली. एकशे अकरापर्यंत खुणा होत्या, एकशे बाराची चौकट रिकामी. तिनं त्या चौकटीवर बोट ठेवलं.

“काकाजी, एकशे बारा बाबाले मिळालं नव्हतं?”

मी म्हणालो, “नाही.”

“मग माझा पत्ता तुम्हाले कसा समजला?”

“बाबाच्या तारा चंद्रपुरात तुला पोचल्या नाहीत, मग तिथल्या ऑफिसात फोन करून काढला.” खोटं किती पटकन सुचतं. ती खाली बसली. “म्हणजे बाबाले माहीतच नव्हतं मी कुठं आहे ते,” ती म्हणाली. “ते जुन्या पत्त्यावर बोलावून राहिले अन् मी तिकडं परदे शिवून राहिली. मी रजिस्टर करायले पाहिजे होतं ते पत्र. बाबा नेहमी सांगायचे, महत्त्वाचं असलं की रजिस्टर कर. मीच आळस केला.” मग तिनं पेन्सिल घेतली आणि एकशे बाराच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं, ‘मिळाले नाही.’ अस्थी घेऊन ती परत गेली. परवा तिचं कुसुमला पत्र आलं. त्यात तिनं पुन्हा तेच लिहिलं आहे, की बाबा माझ्या आळसामुळे एकटे गेले. कुसुमला मी सगळं सांगितलं आहे. तिनं माझ्याशी भांडण केलं नाही. तिनं फक्त ते पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, “आता हे तुम्हीच पोचवा.”

शैलाला वेगळं पत्र लिहायला बसलो होतो, तीनदा फाडलं. तिच्याकडे हे वर्तमानपत्र येतं. शिवाय दामोदरच्या मागं लोक त्याच्या मुलीबद्दल, बापानं बोलावूनही आली नाही असं, जे बोलतात, तेही सगळ्यांसमोरच पुसलं पाहिजे. खात्याचा मी एकही नियम मोडलेला नाही. जसं लिहून दिलं तसं पाठवलं, माझ्यावर साधा मेमोसुद्धा निघणार नाही.

खोल्या महिनाअखेरीला रिकाम्या करून द्यायच्या आहेत. आज सकाळी मी तांडापेठेत गेलो आणि दार लावून आतून बघितलं. चौकटींच्या ओळी, तिचं पेन्सिलीचं बारीक अक्षर. मी ते खोडरबरानं पुसलं आणि त्याच्या पेनानं तिथं बरोबरची खूण केली. त्यानं सांगितलेलं हे एकच काम माझ्याकडून राहिलं होतं.

शैला, एकशे बारा मिळालं होतं. तुझा पत्ता त्यानं दोनदा वाचून घेतला होता. पाकीट माझ्याजवळ आहे.